माझी गिटार आणि कवडूचा डबा

माझ्या गिटारीत काहीही खोट नव्हती, हे मी आधीच सांगून टाकतो, कारण गोंदियाजवळच्या आमच्या गोरेगावात सध्या भलतंच बोललं जातं. परवा केस कापायला गेलो तर बाकावर बसलेला एक गृहस्थ म्हणाला, "मास्तर, तुमी गिटार सोडली म्हन्ते. बरं झालं." बरं झालं म्हणजे काय? ज्या माणसानं ती कधी ऐकलीच नाही, त्याला बरं-वाईट ठरवायचा अधिकार कोणी दिला? मी अर्धे केस कापलेले असताना खुर्चीतून उठू शकत नव्हतो, म्हणून तो वाचला.

ऐकली नाही, हे मी शब्दशः म्हणतो आहे. आमच्या विहारात दर बुद्ध पौर्णिमेला गीतांचा कार्यक्रम होतो आणि त्यात मी अठरा वर्षं गिटार वाजवत आलो. माझी गिटार हवाईयन. उभी धरून झटके मारतात ती नव्हे. ही मांडीवर आडवी घ्यायची, उजव्या हातानं तारा छेडायच्या आणि डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून अलगद सरकवायची. आवाज असा ओला निघतो की बस. निघतो म्हणजे मला ऐकू येतो. माझ्या एका बाजूला ढोलक, दुसऱ्या बाजूला हार्मोनियम, पाठीमागे बँजो, आणि माइक एकच, तोही गाणाऱ्याच्या तोंडाशी. लोकांना इतकी वर्षं फक्त माझा डावा हात मागे-पुढे होताना दिसला. पहिल्याच वर्षी समोर बसलेली एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली होती, "हे मास्तर कायले इस्त्री करून राह्यले व?" तेव्हापासून वॉर्डातली अर्धी माणसं मला इस्त्रीवाले मास्तर म्हणतात. मी आयटीआयमध्ये वायरमन ट्रेडचा निदेशक आहे, केशोराव मेश्राम असं माझं नाव आहे, पण ते फक्त पगारपत्रकावर.

तर २००७ सालच्या मार्चमध्ये उत्सव समितीचे अध्यक्ष यादोराव आमच्या घरी आले. चहा घेतला, बिस्किटं घेतली, उन्हाळ्याबद्दल तक्रार केली आणि मग म्हणाले, "मास्तर, स्टेज लहान आहे न जी."

"स्टेज अठरा वर्षं तेवढंच आहे," मी म्हणालो.

"नाई, तसं नाई. आमगावचा एक जन कीबोर्ड घेऊन येतो म्हन्ते. त्याले बसाले जागा लागते. तुमची गिटार तं आयकाले येत नाई. मंग जागा कायले अडवाची? तुमाले समोर खुर्ची देऊ. पयल्या रांगेत."

खुर्ची! कलावंताला खुर्ची! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "यादोराव, ह्या पौर्णिमेला माझी गिटार शेवटच्या रांगेत ऐकू आली नाही, तर मी स्वतः स्टेजवरून उतरेन. खुर्चीसुद्धा घरून आणेन."

"चालते," यादोराव म्हणाले. ते इतक्या चटकन म्हणाले की मला जास्तच लागलं.

आता प्रश्न फक्त अॅम्प्लिफायरचा होता. पण गिटारीला कुठलाही अॅम्प्लिफायर चालत नाही. मी पुस्तकं वाचली आहेत. गिटारीचा गोडवा बाहेर काढावा तो व्हॉल्व्हच्या अॅम्प्लिफायरनं. व्हॉल्व्ह म्हणजे जुन्या रेडिओत काचेचे दिवे असायचे आणि ते तापले की मगच रेडिओ बोलायचा, ते. हे मी चहाच्या टपरीवर बोलून गेलो, ही माझी चूक. आमच्याकडे एखाद्याला ताप आला तर लोक एक वेळ डॉक्टरकडे जा म्हणतील, पण मशीन घ्यायची म्हटलं की प्रत्येक जण स्वतःच तज्ज्ञ. शेजारी तेजराम, ज्यांचं सगळं आयुष्य धानाच्या बांध्यांत, म्हणजे भाताच्या खाचरांत गेलं, ते म्हणाले, "काचेचा कायले घेता? फुटन न जी! माह्या मोटारीले पाहा, सगळं लोखंडाचं आहे." पोस्टमन म्हणाला, गिटारच बदला. बँकेतल्या शिपायानं मला बाजूला घेऊन सांगितलं की ढोलकवाल्याला त्या दिवशी बाहेरगावी पाठवून देणं सगळ्यात सोपं.

शेवटी दोनच मतं उरली. जुना व्हॉल्व्ह की नवा व्हॉल्व्ह. माझं मन जुन्याकडे. पण आमची मोनाली पुण्याला कंपनीत आहे, ती फोनवर म्हणाली, "बाबा, आता नव्या बनावटीचे व्हॉल्व्हचे अॅम्प्लिफायर निघाले आहेत, जराही घुमत नाहीत. तुम्ही भंगार उचलून आणू नका. मी नवा पाठवते." आमच्या सुमित्राला विचारलं, तर ती पदरानं वारा घेत म्हणाली, "मोनालीचे बाबा, मले कूलर पाहिजे." घरातून मला पाठिंबा मिळतो तो असा.

मी हट्टानं दवनीवाड्याला कवडूकडे गेलो. कवडू म्हणजे एके काळी ह्या भागातल्या प्रत्येक लग्नात आंब्याच्या झाडावर भोंगा बांधणारा माणूस. त्याच्या माळ्यावर हिरव्या रंगाच्या पत्र्याचा एक भला मोठा डबा होता, आत चार व्हॉल्व्ह आणि एक स्पीकर. मला वाटलं, जावं, भाव विचारावा, घेऊन यावं. कसलं काय! कवडू विकायला तयारच नव्हता. फक्त पौर्णिमेपुरता देईन म्हणाला, आणि तेही माझी परीक्षा घेऊन. "काय वाजवता?" "गिटार." "कशी?" मी रिकाम्या मांडीवर हात फिरवून दाखवला. तो माझ्या हाताकडे बघून म्हणाला, "असं तं माही बाई पापड लाटते." मग त्यानं मला अटी सांगितल्या. डबा टेबलावर ठेवायचा नाही, खाटेवर ठेवायचा नाही. खाली धानाची तनीस पसरायची आणि त्यावर बसवायचा. "याले तनशीची सवय आहे. लाकडावर ठेवला तं थरथरते आन् याचे दिवे ढिले होतेत." बावीस वर्षं मी पोरांना वायरिंग शिकवतो, आणि एक माणूस मला अॅम्प्लिफायरखाली पेंढा घालायला सांगत होता! पण गरज माझी होती. एसटीत मी डबा मांडीवर घेतला, पायाशी तनशीची पेंढी. कंडक्टरनं विचारलं, "डब्यात काय आहे? कोंबड्या?" मी तिकिटाचे पैसे पुढे केले.

घरी आणला, तनशीवर बसवला, चालू केला. दोन मिनिटांनी दिवे लाल झाले आणि डबा घुमायला लागला. घूंऽऽऽ. गिटार लावायच्या आधीच. भिंतीपलीकडून तेजराम धावत आले. "मास्तर, चक्की टाकली का? सांगाचं तरी! गहू आनतो." मी वायरमन ट्रेडचा निदेशक. घुमणं म्हणजे माझ्या विद्येलाच आव्हान. मी अर्थिंग नवी केली, अंगणात खड्डा खणून मीठ-कोळसा घातला, गोंदियाहून कंडेन्सर आणून बदलले. घूं तशीच. फरक एवढाच पडला की तनशीबरोबर दोन उंदीर घरात आले, आणि सुमित्रा कूलरबद्दल बोलायची ती आता उंदरांबद्दल बोलायला लागली.

तेवढ्यात पुण्याचा नवा अॅम्प्लिफायर आला. काय रूप होतं! काळाभोर, समोर निळी काच, काचेवर अक्षरं उमटायची. मी गिटार लावली, बटण दाबलं. काचेवर इंग्रजीत आलं की दाब कमी आहे, आणि यंत्र आपलं आपण बंद. पुन्हा दाबलं, पुन्हा बंद. मीटर लावून पाहिलं तर व्होल्टेज एकशे साठ. उन्हाळी धानाला पाणी देणाऱ्या मोटारी चालू होत्या, आणि सगळा दाब त्या ओढत होत्या. स्टॅबिलायझर लावला, तर मोटारी कमी असायच्या तेव्हा, दुपारी दोन ते साडेतीन, अॅम्प्लिफायर वाजायचा. साडेतीनला लाईन जायची. नव्या अॅम्प्लिफायरचा गोडवा मी दिवसातून दीड तास ऐकला, तोही आयटीआयला दांडी मारून. पण तो दीड तास, काय सांगू! एक कण घुमत नव्हता. माझी स्वतःची गिटार मी पहिल्यांदा ऐकली. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू.

म्हणून मी विजेच्या ऑफिसात गेलो. म्हटलं, पौर्णिमेच्या संध्याकाळी विहारापुरता दाब नीट द्या. तिथल्या बाबूनं अर्ज काढला. "वापर कशासाठी?" "गिटारीसाठी." त्यानं अर्जावर बोट फिरवलं. "साहेब, घरगुती आहे, व्यावसायिक आहे, कृषी आहे. गिटार नाही."

"मग इतर लिहा."

"इतर म्हणजे स्मशानभूमी आणि पाणीपुरवठा. कितने एचपी की है आपकी गिटार?"

मी म्हणालो, गिटारीला अश्वशक्ती नसते. तो म्हणाला, मग अर्ज अपूर्ण. शेवटी त्यानं समजुतीच्या स्वरात सुचवलं की कृषीत टाकतो, तात्पुरती मोटार दाखवतो, सातबारा आणा. गिटार वाजवायला सातबारा! मी अर्ज तिथेच ठेवून बाहेर पडलो, आणि दारापाशी लक्षात आलं की चष्माही तिथेच ठेवला. तो घ्यायला परत जावं लागलं, त्यामुळे रागाचा परिणाम झाला नाही.

मग विहारात सराव सुरू झाला. नवा तिथे चालेना म्हणून नाइलाजानं कवडूचा डबा नेला. आणि इथून सगळं बिनसलं.

आमच्या मुख्य गायिका जमुनाबाई. साठीच्या आहेत. जन्मभर धानाची रोवणी केली, आणि बांधीत गाताना आवाज तीन शेतं ओलांडून जायचा. पण स्टेजवर त्यांचं एक दुखणं होतं. ढोलक सुरू झाला की हार्मोनियम त्यांना ऐकू यायची नाही, सूर हळूहळू सरकायचा, आणि लोक हसायचे. आदल्या वर्षी त्या गाणं अर्ध्यात सोडून खाली उतरल्या होत्या. ह्या वर्षी यादोरावांनी हातापाया पडून बोलावलं, तर म्हणाल्या, एकदा येते, हसले तर पुन्हा नाही. तर त्या दिवशी मी डबा तनशीवर बसवला, चालू केला, आणि गिटारीची वायर शोधत होतो. घूंऽऽऽ सुरू झाली. जमुनाबाईंनी मान वर केली, डोळे मिटले आणि गायला लागल्या. बाप रे! सूर असा लागला की ढोलकवाल्याचा हात थांबला. गाणं संपेपर्यंत कुणी हललं नाही.

ह्याचं कारण मी सांगू शकतो, इतर कुणी नाही. विजेला सेकंदाला पन्नास हेलकावे असतात, हे मी बावीस वर्षं फळ्यावर लिहितो. उन्हाळ्यात ओढ वाढली की ते घसरून एकोणपन्नासावर येतात. जुना डबा घुमतो त्याच्या दुप्पट, आणि ते जाऊन बसतं बरोबर हार्मोनियमच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीवर, म्हणजे पांढरी पाचवर. जमुनाबाई गातात पांढरी पाचमध्येच. मी हे सगळ्यांना समजावून सांगितलं. यादोराव म्हणाले, "म्हंजे डब्बा सुरात आहे." मी म्हणालो, "तो दोष आहे डब्याचा." कुणी ऐकलं नाही.

मी गिटार लावली आणि वाजवली. त्या डब्याची ताकद संपत आलेली. तार छेडली की घुमणं दबायचं, आणि घुमणं दबलं की जमुनाबाई चाचपडायच्या. दोनदा असं झालं. मग त्या माझ्याकडे वळल्या. हात जोडून, अगदी मायेनं म्हणाल्या, "मास्तर, रागावू नका जी. तुमी थोडं थांबता का? डब्बा चालू राहू द्या."

अठरा वर्षं! अठरा वर्षं मी ऐकू येत नव्हतो म्हणून कुणी थांबा म्हटलं नव्हतं. आणि ज्या दिवशी ऐकू आलो त्याच दिवशी थांबा! मी घरी येऊन जेवलो नाही. सुमित्रा म्हणाली, "काऊन जी, भाजी खारट झाली का?" मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो. मग ठरवलं, जुनं बिनं काही नाही. नवाच न्यायचा. जमुनाबाईंनी हार्मोनियमवर गावं, जगात सगळे तसेच गातात.

पौर्णिमेला संध्याकाळी सात वाजता विहारासमोर माणूस मावत नव्हता. मी स्टेजवर नवा अॅम्प्लिफायर, स्टॅबिलायझर आणि गिटार घेऊन बसलो. पण जमुनाबाईंनी परस्पर निरोप धाडून कवडूला बोलावलं होतं. त्यानं सरावानंतर विहारातच राहिलेला हिरवा डबा माझ्याच मागे ताज्या तनशीवर बसवला आणि मला म्हणाला, "राहू द्या. काही खात नाई तो."

पहिलं गाणं सुरू झालं. मी कांडी तारांवर ठेवली आणि छेडलं. आणि गिटार ऐकू आली! ढोलकाच्या वरून, बँजोच्या वरून, पार शेवटच्या रांगेपर्यंत गेली. तिथे तेजराम उभे होते, त्यांनी दचकून माझ्याकडे बघितलं. यादोरावांनी बघितलं. चार सेकंद असतील. पाचव्या सेकंदाला कुठल्यातरी बांधीत मोटार सुरू झाली, निळ्या काचेवर अक्षरं उमटली आणि गिटार गेली. मी बटण दाबत राहिलो. इकडे जमुनाबाईंचा सूर सरकला. मागून एक जण हसला. मग दुसरा. जमुनाबाईंनी माइकवरचा हात काढला आणि पदर सावरला. मागच्या वर्षी उतरायच्या आधी त्यांनी तसाच सावरला होता.

"मास्तर, डब्बा!" यादोराव खालून ओरडले.

मी डबा चालू केला. दिवे तापले, पण घूं येईना. मोटारींनी दाब इतका ओढला होता की एक दिवा लुकलुकत होता, आणि वर तो बैठकीत ढिला. मी पाहिलं, दाबून धरला तर तेवतो. तो दिवा तसाच सोडून बाकीच्या तीन दिव्यांवर गिटारीची वायर ह्याच डब्याला लावली असती, तर लोकांना घूं नाही पण गिटार ऐकू आली असती. वायर माझ्या हातात होती. माझी जागा, माझी अठरा वर्षं, सगळं त्या वायरीच्या टोकाला होतं. जमुनाबाई पायरीकडे निघाल्या होत्या. मला त्यांचा भयंकर राग आला, आणि त्याहून जास्त त्या मागच्या हसणाऱ्याचा. मी वायर खाली टाकली, खांद्यावरचा दुपट्टा बोटांना गुंडाळला आणि तापलेला व्हॉल्व्ह दाबून धरला.

घूंऽऽऽ. जमुनाबाई थांबल्या. वळल्या. आणि अशा गायल्या, अशा गायल्या की लहान लेकरंसुद्धा गप्प झाली. एक नाही, सहा गाणी. सहा गाणी मी स्टेजवर वाकून, प्रेक्षकांकडे पाठ करून, दिवा धरून बसलो होतो. दुपट्टा दोनदा जळाला, बोटं तीन. शेवटी टाळ्या थांबेनात. यादोरावांनी माइक घेतला, सगळ्यांची नावं घेतली आणि म्हणाले, "आन् डब्ब्यावर साथ केली आपल्या केशोराव मास्तरनं!" ह्या टाळ्या जमुनाबाईंच्या टाळ्यांहून मोठ्या होत्या. मी माइककडे गेलो, हे सांगायला की मी गिटारवादक आहे, डबा हे वाद्य नाही. नेमकी तेव्हाच लाईन गेली.

घरी येताना सुमित्रानं माझी भाजलेली बोटं पाहिली. मग म्हणाली, "आज पयल्यांदा तुमचं वाजवनं आयकू आलं." ती टोमणा मारत नव्हती, हेच जास्त वाईट.

दुसऱ्या दिवशी कवडू डबा घेऊन गेला. नवा अॅम्प्लिफायर सुमित्रानं चादरीखाली झाकून ठेवला आहे. मोनाली फोनवर विचारते, "बाबा, घुमतो का?" मी सांगतो, नाही, अगदी शांत आहे. समितीनं मला पत्र दिलं, की पुढच्या वर्षापासून स्टेजवर माझी जागा कायम, फक्त गिटार आणू नये. मी चार पानी निषेधाचं पत्र लिहिलं. त्यात कला म्हणजे काय, अपमान म्हणजे काय, डबा म्हणजे काय, सगळं लिहिलं, आणि संध्याकाळी ते यादोरावांच्या हातात द्यायला निघालो.

वाटेत जमुनाबाईंचं घर. त्या ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या, शेजारच्या चार बाया त्यांना गा म्हणून मागे लागल्या होत्या. मला बघून त्या उठल्या. "या जी मास्तर. डब्बा तं गेला न. मले सूर सापडत नाई." मी म्हणालो, हार्मोनियम घ्या. त्या म्हणाल्या, "हार्मोनियम नाई आयकू येत मले. तुमच्या ध्यानात आहे न तो सूर? तोंडानं द्या न जी. लाजू नका."

मी शासकीय कर्मचारी आहे. माझ्या खिशात चार पानी निषेध होता. भर रस्त्यात, येणारे-जाणारे बघत असताना, मी त्या ओट्याच्या पायरीवर बसलो, ओठ मिटले आणि पांढरी पाच लावली. जमुनाबाईंनी डोळे मिटून गाणं उचललं. आतल्या खोलीतून त्यांच्या आंधळ्या सासूबाई म्हणाल्या, "कोन होय व तो? गोड वाजवते बाप्पा."